आईचा रिपोर्ट, पिंपरीचं पेनिसिलिन आणि मेडिकलवरच्या दोन गोळ्या

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण पूर्ण वाचा. विषय राजकारणाचा नाही. म्हणजे शेवटी राजकारणापर्यंत जातोच, पण सुरुवात घरातून आहे.

दोन वर्षांपूर्वी आईला लघवीचा त्रास सुरू झाला. ताप, थंडी, कंबर दुखणं. इथे मानोऱ्यात गोळ्या घेतल्या, उतार नाही. मग अकोल्याला नेलं. तिथे लघवीचा कल्चर रिपोर्ट काढला. तिसऱ्या दिवशी कागद हातात आला. डाव्या बाजूला औषधांची नावं, उजव्या बाजूला एक इंग्रजी अक्षर. अँपिसिलिन, पुढे 'आर'. अमोक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक, पुढे 'आर'. सेफिक्झिम, 'आर'. सेफ्ट्रायॅक्झोन, 'आर'. मी डॉक्टरांना विचारलं, हे आर म्हणजे काय? ते म्हणाले, रेझिस्टंट. म्हणजे हे औषध तुमच्या आईच्या जंतूवर आता चालत नाही. खाली मेरोपेनेमसमोर 'एस' होता, म्हणजे ते चालेल. सलाईनमधून सात दिवस दिलं. आई बरी झाली. पण तो कागद माझ्या डोक्यातून गेला नाही.

पत्रकाराची खोड असते, कागद मिळाला की मागे जायचं. मी मागे गेलो आणि थेट पिंपरीत पोचलो. त्याच्याही मागे गेलो तर माझ्या आजीजवळ.

माझ्या आजीची पहिली दोन लेकरं 'डब्या'नं गेली. आपल्याकडे तान्ह्या लेकराला न्यूमोनिया झाला, छाती घरघरली, श्वासाबरोबर पोट आत-बाहेर ओढायला लागलं की डबा झाला म्हणायचे. उपाय काय, तर डाग देणं, अंगारा आणि देवाला हात जोडणं. तिसरं लेकरू म्हणजे माझे वडील. त्यांनाही डबा झाला. तेव्हा कोणीतरी सांगितलं, कारंज्याच्या डॉक्टरकडे न्या, तिथे सुई आली आहे. बैलगाडीतून नेलं. आजी शेवटपर्यंत सांगायची, "पेन्सिलीनच्या सुईनं वाचला माहा पोरगा." ती पेन्सिलीनच म्हणायची. काचेची छोटी बाटली, तोंडावर रबरी बुच, आत पांढरी भुकटी. हे सगळं 1957-58 च्या आसपासचं.

आता बघा. 1957 मध्ये जे औषध माझ्या बापाला वाचवतं, त्याच घराण्यातली चार औषधं माझ्या आईच्या रिपोर्टवर फेल आहेत. मधल्या पासष्ट वर्षांत काय झालं? ही गोष्ट त्याची आहे.

आधी थोडं रसायनशास्त्र. घाबरू नका, मीही दहावीला विज्ञानात काठावरच पास झालो होतो.

आपल्या शरीरातली प्रथिनं म्हणजे छोट्या तुकड्यांची लांब साखळी. ते तुकडे एकमेकांना ज्या गाठीनं जोडलेले असतात, तिला अमाइड म्हणतात. ही गाठ पक्की असते. डाळीतलं प्रथिन असो की आपला स्नायू, गाठ तीच. कधीकधी एकाच रेणूची दोन टोकं याच गाठीनं एकमेकांना जोडली जातात आणि कडं तयार होतं. अशा कड्याला लॅक्टम म्हणतात. कडं मोठं असेल तर ते बऱ्यापैकी निवांत असतं. कॅप्रोलॅक्टम नावाचं सात अणूंचं कडं कारखान्यात तापवून उघडतात, उघडलेली टोकं एकमेकांना जोडत जातात आणि नायलॉन-6 चा धागा होतो. मासेमारीची जाळी, टायरमधला दोरा, ब्रशचे केस यात तोच असतो.

पण कडं चारच अणूंचं असेल तर? तीन कार्बन आणि एक नायट्रोजन. ओली बांबूची कामटी वाकवून तिचा छोटासा चौकोन करून पहा. होतो, पण ताण राहतो. हात सुटला की फटकन उघडते. या चार अणूंच्या ताणलेल्या कड्याला बीटा-लॅक्टम म्हणतात. पेनिसिलिनच्या पोटात हेच कडं आहे. अमोक्सिसिलिन, अँपिसिलिन, सेफिक्झिम, सेफ्ट्रायॅक्झोन, मेरोपेनेम, सगळ्यांच्या पोटात हेच. आईच्या रिपोर्टवरची ती यादी म्हणजे एकाच घराण्यातली भावंडं होती.

हे कडं करतं काय? जंतूच्या पेशीभोवती एक भिंत असते. ती भिंत बांधणारं एक एन्झाइम असतं, आपण त्याला गवंडी म्हणू. पेनिसिलिन त्या गवंड्याला विटेसारखं दिसतं. तो ते उचलायला जातो, ताणलेलं कडं फटकन उघडतं आणि त्याच्या हाताला कायमचं चिकटतं. गवंडी अडकला, भिंत अर्धवट राहिली, वाढणारा जंतू फुटून मेला. माणसाच्या पेशीला अशी भिंतच नसते, म्हणून या औषधानं आपलं सहसा नुकसान होत नाही. काहींना ॲलर्जी असते, म्हणून तर आधी टेस्ट डोस देतात. आणि एक लक्षात ठेवा, सर्दी-पडसं करणाऱ्या विषाणूलाही ही भिंत नसते. म्हणजे सर्दीवर अमोक्सी घेतली तर गवंडीच नाही, अडकणार कोण?

आता इतिहास.

1928 मध्ये लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगनं बुरशीचा हा गुण पाहिला, हे शाळेत आपण सगळेच शिकलो. पण बुरशीतून औषध काढायला अजून दहा-बारा वर्षं लागली. ते काम ऑक्सफर्डला फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी केलं. 1941 च्या फेब्रुवारीत अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या एका पोलिसाला ते टोचलं. चेहऱ्यावर, डोळ्यात पू झालेला माणूस चार-पाच दिवसांत सुधारायला लागला. पण औषध इतकं कमी होतं की त्याच्या लघवीतून ते परत काढून त्यालाच टोचत होते. शेवटी संपलं. जंतू परत उसळले आणि मार्चमध्ये तो गेला. औषध माहीत होतं, पण पुरेसं नव्हतं. पुढचा सगळा इतिहास या 'पुरेसं' शब्दाभोवती फिरतो.

महायुद्धात अमेरिकेनं मोठ्या टाक्यांत बुरशी वाढवून हे औषध टनावारी बनवलं. रेणूचा आकार मात्र कोणालाच नक्की माहीत नव्हता. ऑक्सफर्डचे मोठे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट रॉबिन्सन यांना चार अणूंचं कडं मान्य नव्हतं. 1945 मध्ये डोरोथी हॉजकिन या बाईनं क्ष-किरणांनी स्फटिक तपासून दाखवून दिलं की कडं चारचंच आहे. पुढे 1964 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आपल्याकडे तेव्हा काय चालू होतं? मुंबईत परळला हाफकिन संस्था होती. तिचे संचालक मेजर जनरल साहिब सिंग सोखी. हा माणूस 1932 पासून 1949 पर्यंत तिथे होता. लष्करी डॉक्टर, पण डोक्यात एकच विचार, औषधं इथेच बनली पाहिजेत. लसी तर हाफकिनमध्ये बनतच होत्या, त्यांनी पुढे जाऊन सल्फाची औषधं बनवण्याचं कामही तिथे उभं केलं. स्वातंत्र्याच्या आधी राष्ट्रीय नियोजन समितीची जी आरोग्याची उपसमिती होती, तिचे अध्यक्षही सोखीच होते. नंतर ते जागतिक आरोग्य संघटनेत मोठ्या पदावर गेले.

आणि मग पिंपरी. जागतिक आरोग्य संघटनेनं तांत्रिक मदत दिली, युनिसेफनं यंत्रसामग्री दिली, जमीन आणि बाकीचा पैसा आपल्या सरकारचा. 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली आणि 1955 मध्ये पेनिसिलिन बाहेर पडायला लागलं. केंद्र सरकारच्या मालकीचा देशातला हा पहिला औषध कारखाना. माझ्या वडिलांना टोचलेली बाटली पिंपरीची होती की परदेशी, हे मला सांगता येणार नाही. पण एवढं नक्की की 1955 च्या आधी हे औषध मुख्यतः बाहेरून यायचं आणि कारंज्यासारख्या गावाच्या डॉक्टरकडे ते पोचणं सोपं नव्हतं.

आपल्या मानोरा तालुक्यातली, तांड्यांवरची कितीतरी पोरं आज पिंपरी-चिंचवडला कंपनीत आहेत. ट्रॅव्हल्समधून उतरतात, भोसरी, चाकणच्या गाड्या धरतात. तिथे 'एच.ए. कंपनी', 'एच.ए. कॉलनी' ही नावं त्यांनी ऐकलेली असतात. पण हे एच.ए. म्हणजे काय, विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही. एच.ए. म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. एमआयडीसी 1962 ची, पिंपरी-चिंचवडची नगरपालिका 1970 ची. कारखाना त्या दोन्हींच्या आधीचा. आज जिथे मोटारी बनतात, त्या गावात पहिली मोठी गोष्ट बनली ती गरिबाच्या सुईतलं औषध.

तिथलं काम सोपं नव्हतं. उंच टाक्यांत साखर आणि इतर खाद्य घालून बुरशी वाढवायची, सतत शुद्ध हवा सोडायची. बाहेरचा एक जंतू आत गेला तरी अख्खी टाकी वाया. नंतर औषध झपाट्यानं, थंडीत वेगळं काढायचं, कारण ते ताणलेलं कडं जरा आम्ल लागलं की मोडतं. म्हणून तर जुनं पेनिसिलिन सुईनंच द्यावं लागायचं, पोटातल्या आम्लात त्याचा निकाल लागायचा. त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत डॉ. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीच्या रोगांवरचं हॅमायसिन शोधलं. नावातलं 'हॅ' तुमच्या लक्षात आलं असेल, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सवरूनच ते आलं. स्ट्रेप्टोमायसिन, म्हणजे टीबीची सुई, तीही तिथे बनू लागली. म्हणजे हा नुसता सरकारी बाटल्या भरायचा कारखाना नव्हता.

पेनिसिलिनमध्ये अमाइडच्या गाठी दोन असतात. एक त्या कड्यात, दुसरी कड्याला लागलेल्या शेपटीत. 1950 च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडच्या बीचम कंपनीच्या लोकांना सापडलं की शेपूट काढून नवी शेपूट लावता येते, कडं तसंच ठेवून. त्यातून अँपिसिलिन आलं, मग अमोक्सिसिलिन. शेपूट बदलली आणि औषध पोटात टिकायला लागलं, सुईची गोळी झाली. अडचण एकच, शेपटीची गाठ सोडायची पण कड्याची गाठ मोडू द्यायची नाही. हे नाजूक काम करणारं एक एन्झाइम आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत त्या एन्झाइमवर वर्षानुवर्षं काम झालं. 1970 मध्ये आपला पेटंट कायदा बदलला आणि देशी कंपन्यांना नव्या औषधांचा मार्ग मोकळा झाला. आज मेडिकलवर अमोक्सीचं पाकीट ज्या किमतीला मिळतं, ती किंमत आपोआप आलेली नाही. तिच्यामागे पिंपरीच्या टाक्या आहेत, पुण्याची प्रयोगशाळा आहे, 1970 चा कायदा आहे. लोकांच्या पैशातून, लोकांसाठी.

मग घसरण. 1991 नंतर परवाने उठले, आयात खुली होत गेली. चीननं तिथल्या सरकारच्या पाठबळावर पेनिसिलिन-जी इतकं स्वस्त विकलं की आपले कारखाने टिकेनात. पिंपरीचं यंत्र जुनं, व्यवस्थापन ढिलं, निर्णय दिल्लीत. सगळा दोष चीनवर टाकून चालणार नाही. 1997 मध्ये कंपनी आजारी उद्योग म्हणून बीआयएफआरकडे गेली. ज्यानं देशाला औषध दिलं तोच सरकारी कागदावर 'आजारी'. कामगारांचे पगार थकले. 2016 च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं देणी फेडायला कंपनीची जादा जमीन विकायचं ठरवलं. खासगी कंपन्यांनीही तोवर पेनिसिलिन-जी बनवणं सोडलं होतं. म्हणजे 1955 मध्ये जे आपण स्वतः बनवायला शिकलो, त्याचा कच्चा माल साठ वर्षांनी परत बाहेरून आणायला लागलो. गोळी आपली, पाकीट आपलं, कडं मात्र चीनचं.

2020 मध्ये कोरोना आणि गलवान दोन्ही झाले, तेव्हा दिल्लीला जाग आली. 6,940 कोटींची योजना आली, त्यात पेनिसिलिन-जीचं नाव होतं. 2024 मध्ये आंध्रात काकिनाड्याजवळ अरबिंदो समूहाच्या कारखान्यातून ते पुन्हा बनू लागलं. चांगली गोष्ट आहे. पण मला प्रश्न पडतो, पिंपरीत टाक्या होत्या, माणसं होती, ज्ञान होतं. ते वेळेवर नीट सांभाळलं असतं तर आज पुन्हा पाटी-पेन्सिलपासून सुरुवात करावी लागली असती का?

हा झाला एक तोटा. पण हा कोट्यवधी रुपये टाकून भरून निघू शकतो. दुसरा तोटा तसा नाही. तो आईच्या रिपोर्टवरचा.

1940 च्या डिसेंबरमध्ये, म्हणजे त्या पोलिसाला औषध टोचायच्याही आधी, ऑक्सफर्डच्या अब्राहम आणि चेन यांनी लिहून ठेवलं होतं की काही जंतूंकडे पेनिसिलिन मोडणारं एन्झाइम आहे. ते एन्झाइम नेमकं त्या कड्याचीच गाठ तोडतं. गवंड्याच्या हाताला चिकटायच्या आधीच वीट फुटते. त्याला बीटा-लॅक्टमेज म्हणतात. आणि 1945 मध्ये नोबेल घेताना खुद्द फ्लेमिंगनं बजावलं की कमी डोस घेऊन जंतूला शिकवू नका. सूचना पहिल्या दिवसापासून होती. ऐकलं कोणी?

माणसानं नवी शेपूट लावली, जंतूनं नवी कात्री काढली. मग कात्रीला अडवायला क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड आलं, त्यातही तेच चार अणूंचं कडं. जंतूनं त्याच्यापुढची कात्री काढली. 2008 मध्ये भारतात दवाखान्यात राहून स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात जी कात्री सापडली, ती मेरोपेनेमच्या गटालाही कापते. तिच्या नावात शास्त्रज्ञांनी 'न्यू डेल्ही' घातलं. आपल्याकडे त्यावरून बराच संताप झाला. नावावर चिडण्यात आपण जेवढी ताकद घातली, तेवढी कारणावर घातली असती तर बरं झालं असतं.

लढाई संपलेली नाही. आपल्याच मराठवाड्यात, छत्रपती संभाजीनगरला वोकहार्टच्या संशोधन केंद्रात झिडेबॅक्टम नावाचा रेणू शोधला गेला. तो सेफेपिमच्या जोडीनं द्यायचा, आणि सेफेपिम म्हणजे पुन्हा आपलं चार अणूंचं कडंच. पण नवीन औषध यायला दहा-पंधरा वर्षं लागतात आणि आलं की ते महाग असतं. अमोक्सीसारखं ते तालुक्याच्या मेडिकलवर मिळणार नाही.

आता परत मानोऱ्यात या. परवा मेडिकलवर उभा होतो. एक ओळखीचा माणूस आला. "भाऊ, पोराले सर्दी झाली, मांगच्या वेळची गोळी दे. दोनच दे." पोरगं एक तर वडीलधाऱ्याला 'नाही' म्हणू शकत नव्हतं, आणि नाही म्हटलं तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाणार. त्यानं पाकीट कापलं, दोन गोळ्या दिल्या. पाकिटावर उभी लाल रेघ होती. 2016 पासून सरकार सांगतंय, लाल रेघ असलेलं औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. रेघ सगळ्यांनी पाहिलेली आहे, वाचलेली कोणीच नाही.

मी त्याला काही बोललो नाही. बोलायला तोंडच नव्हतं. माझ्याही घरात कपाटात उरलेल्या गोळ्यांचा डबा होता. आईला कणकण आली की मीच त्यातली एक काढून द्यायचो. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं की बंद. वर्षानुवर्षं. तिच्या जंतूंना ते चार 'आर' शिकवण्यात माझा हात किती, हे कोणता रिपोर्ट सांगणार?

आणि तो माणूसही मूर्ख नाही. डॉक्टरची फी, एक दिवसाची बुडालेली मजुरी, दवाखान्यातली रांग. दोन गोळ्यांत काम भागत असेल तर तो का जाईल? गाईला दगडी होते, कासेत ट्यूब सोडतात, डॉक्टर सांगतो इतके दिवस दूध विकू नका. दुधाचा पैसा बुडतो, म्हणून तेही डेअरीवर जातं. एकेकाची अडचण खरी आहे. पण बोअरचं काय झालं ते आठवा. ज्यानं पहिला बोअर खोल मारला त्याची काही चूक नव्हती, त्याला पाणी हवं होतं. मग दुसऱ्यानं त्याच्यापेक्षा खोल, तिसऱ्यानं अजून खोल. आज गावाची विहीर जानेवारीतच कोरडी असते. औषधाची ताकद तशीच आहे. ती कोणा एकाच्या मालकीची नाही, सगळ्यांची मिळून एकच विहीर आहे. माझी कपाटातली गोळी आणि त्याच्या दोन गोळ्या, उपसा एकाच विहिरीचा.

फरक इतकाच की पाऊस पडला तर विहीर भरते.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषध सांगणार नाही. एवढंच सांगतो. लाल रेघेचं पाकीट चिठ्ठीशिवाय मागू नका. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितके दिवस घ्या. उरलेली गोळी दुसऱ्याला देऊ नका. सर्दीवर डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं नाही तर ते चांगले डॉक्टर आहेत असं समजा. आणि मतं मागायला येणाऱ्याला रस्ता-नालीबरोबर हेही विचारा की सरकारी दवाखान्यात पुरेसे डॉक्टर कधी, कल्चरची सोय जवळपास कधी, आणि लोकांच्या पैशातून उभे राहिलेले औषध कारखाने कोणी, कसे बुडू दिले.

आजी अडाणी होती. तिला बीटा-लॅक्टम माहीत नव्हतं. पण ती काचेची रिकामी बाटली तिनं पुष्कळ वर्षं देव्हाऱ्यात ठेवली होती, हळद-कुंकू लावून. लहानपणी मला हसू यायचं. आता येत नाही.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, बोलू.